पायलट खाली उतरला

गहू असा पिकला होता, की वाऱ्याची नुसती झुळूक आली तरी सगळं रान खुळखुळायचं. ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली की टपोरे दाणे उरायचे आणि दाताखाली कडकन फुटायचे. असं पीक कितीतरी वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. माणसं कारण नसताना शेतात चकरा मारायची, बांधावरून एकमेकांना हाका घालायची. म्हाताऱ्यांच्यासुद्धा चालीत जोर आला होता. पण डोंगराच्या अंगाला रोज दुपारी काळपट ढग जमायचे, आणि रेडिओवरचा माणूस थंड आवाजात सांगायचा, की या आठवड्यात गारांसह पाऊस होईल. तयार गव्हाला गारा लागल्या, की उभं पीक आडवं. म्हणून जो तो आधी आभाळाकडे बघायचा आणि लगेच सोसायटीच्या शेडकडे.

शेडमध्ये हार्वेस्टर उभा होता. लालभडक, दोनच हंगाम चाललेला, घराएवढा उंच. पुढे भिंतीएवढं रुंद कटर, पोटात मळणी, मागून भुसा आणि वरच्या टाकीत स्वच्छ दाणा. गाव त्याला नुसतं मशीन म्हणायचं. कंपनीचा माणूस ते पोहोचवून परत गेला होता आणि ते चालवता येणारा गावात एकच गडी होता. त्याला सगळे पायलट म्हणत.

पायलट लग्नाआधी कापणीच्या टोळ्यांबरोबर मुलूखभर फिरला होता, तिथे तो हे शिकला. मशीनच्या उंच बाकावर तो बसला की खालून सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा त्याच्याशी मान वर करून बोलावं लागायचं. पायलटच्या आईला त्याचं भारी कौतुक. आणि पायलटची बायको त्याच्या शेजारून ट्रॅक्टर चालवायची. मशीनची टाकी भरत आली की तो नळी बाहेर फिरवायचा, आणि तिनं मागची ट्रॉली बरोबर नळीखाली, बरोबर त्याच्या वेगानं न्यायची. एक हात मागंपुढं झालं की दाणे मातीत. पण होत नसे. लग्नात दोघं जेवढी ताल धरून चालली नव्हती, तेवढी आता चालायची.

कापणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी ती दोघंच शेडमध्ये होती. तो कटरखाली बसून ग्रीस भरत होता, ती फडक्यानं काच पुसत होती. तो काहीतरी बोलता बोलता मध्येच थांबला. तिनं वळून बघितलं तर तो भिंतीकडे टक लावून बसलेला, आणि त्याचा उजवा हात आपोआप आखडत चाललेला.

"अहो?"

तो धाडकन कुशीवर कोसळला. सगळं अंग ताठ झालं, मग झटके द्यायला लागलं. टाचा जमिनीवर आपटत होत्या, तोंडातून लालसर फेस येत होता. ती त्याच्या छातीवर पडून त्याला दाबून धरायला लागली. तिला वाटलं, गेला हा. संपलं. मग झटके हळूहळू थांबले आणि तो घोरायला लागला, जसा काही दमून झोपलाय. त्याची पँट ओली झाली होती.

डोळे उघडल्यावर बराच वेळ तो तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत राहिला. मग हात खाली गेला, ओल लागली, आणि त्याचं तोंड पडलं.

"दुसरी पँट आण," तो म्हणाला. "आणि आईला काही बोलू नकोस. रिकाम्या पोटी चक्कर आली."

पण तिनं ऐकलं नाही. पँट आणली ती दवाखान्यात न्यायलाच.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, केस कायम विस्कटलेले. तिथे त्या एकट्याच राहायच्या आणि अर्ध्या गावाची पोरं त्यांच्या हातून जन्माला आलेली.

"बायको आत बसू दे का बाहेर?" त्यांनी आधी त्याला विचारलं.

त्यानं खांदे उडवले. "बसू दे. चक्करच तर आली."

"जीभ दाखव."

जिभेची कड चावलेली होती. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं. तिनं पाहिलं ते सगळं सांगितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"याआधी कधी झालं होतं?"

"नाही."

"खरं सांग."

तो खाली मान घालून म्हणाला, "थंडीत एकदा. कालव्याच्या बांधावर जाग आली. तोंडात रक्त होतं."

ही गोष्ट बायकोला माहीत नव्हती. एवढ्या दिवसांत तिच्या शेजारी झोपणाऱ्या माणसानं ती पोटात ठेवली होती.

डॉक्टरबाईंनी त्याला फेफऱ्याबद्दल समजावून सांगितलं. गोळ्या दिल्या. शहरात जाऊन मेंदूची तपासणी करायला हवी म्हणाल्या. बहुतेकांचं गोळ्यांनी आटोक्यात येतं, लाजण्यासारखं यात काही नाही. तो मान डोलवत होता, सुटका झाल्यासारखा. मग त्या म्हणाल्या, "आणि मशीन चालवायचं नाही. निदान काही महिने तरी नाही."

पायलट हसलाच. "डॉक्टरबाई, उद्या कापणी आहे."

"माहीत आहे."

"मग? दुसरा कोण आहे? सगळीकडच्या मशीनवाल्यांना आत्ता सवड नाही. आणि हे बघा, तुमच्या भिंतीवरच लिहिलंय." त्यानं बोट दाखवलं. भिंतीवर निळ्या अक्षरात पाटी होती: इथे सांगितलेली गोष्ट बाहेर जाणार नाही.

"माझ्याच हातचं आहे ते अक्षर."

"झालं तर. तुम्ही बोलायचं नाही, मी बोलणार नाही. हिचं तोंड मी बघून घेतो."

डॉक्टरबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, परत आल्या. "कटरपुढे पोरं पळतात. मागे ओंब्या वेचणाऱ्या बायका असतात. शेजारी ही ट्रॅक्टरवर. तुझा हात आखडला आणि मशीन वळलं तर? हात आखडायला लागल्यावर ब्रेक दाबायचं भान तुला राहतं का?"

त्यानं हातातली गोळ्यांची पुडी उलटसुलट केली.

"संध्याकाळपर्यंत चेअरमनला तूच सांग. कारण सांगू नकोस हवं तर. पाठ धरली आहे म्हण, काहीही म्हण, पण बसू नकोस. तू नाही थांबलास, तर मी थांबवीन. पण तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. जे करीन ते तुझ्यासमोर उभी राहून करीन."

तो ताडकन उठला आणि गोळ्यांची पुडी घेऊन निघून गेला.

घरी सासूला कसंतरी कळलंच. लेकाचा चेहरा बघून तिनं सुनेला चुलीपाशी गाठलं. "तू कशाला तोंड उघडलंस डॉक्टरबाईसमोर? माझ्या भावाला हेच होतं. कळल्यावर लोकांनी त्याच्याशी बसणं-उठणं सोडलं. कामाला बोलावणं बंद झालं, लग्न झालं नाही. आयुष्यभर ओसरीवर एकटा बसून राहिला. माझ्या पोराचं तसं करायचंय तुला?"

"आई, ते मशीनवरून पडले तर?"

"अशुभ बोलू नकोस."

पायलट संध्याकाळी शेडवर गेला, पण सांगायला नाही. टाकीत डिझेल भरून आला. बायकोच्या ते लक्षात आलं. ती जेवणाचं झाकून ठेवून तशीच डॉक्टरबाईंकडे पळाली. त्या कणीक मळत होत्या, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले.

"एवढी एक कापणी होऊ द्या," ती दारातूनच म्हणाली. "पाया पडते. मी त्यांच्याबरोबर वर बसते. हात आखडला की मी ब्रेक दाबीन."

"आणि ट्रॅक्टर?"

"दीर चालवील."

डॉक्टरबाई कणकेत मुठी दाबत राहिल्या. "दुपारपासून फोन उचलते आहे आणि ठेवते आहे. चेअरमनला लावायचा म्हणून. अगं, तुझा नवरा माझ्यावर विसंबून बोलला. उद्या मी तोंड उघडलं तर परवा या गावातला एक माणूस मला खरं सांगणार नाही. पोरी त्यांचं दुखणं लपवतील, म्हातारे लपवतील, आणि लपवून मरतील. बरं, गप्प बसले आणि एखादं पोर कटरखाली गेलं, तर त्या पोराच्या आईला मी काय पाटी दाखवू?" त्यांनी कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले, कपाळाला पीठ लागलं. "वर बसून तुला त्याचं अंग आवरणार नाही. सकाळी तू त्याला दाबून धरलं होतंस. आवरलं का?"

तिनं मान हलवली. नव्हतं आवरलं.

"त्यानं स्वतः उतरावं अशी माझी इच्छा आहे. घरी जा. प्रयत्न कर."

तिनं प्रयत्न केला. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

सकाळी ढग नेहमीपेक्षा लवकर आले. सगळं गाव पहिल्या शेताच्या बांधावर गोळा झालं होतं, चहाच्या किटल्या फिरत होत्या, पोरं भुश्यात लोळायच्या तयारीनंच आली होती. चेअरमन शिट्टी तोंडात घेऊन उगाच इकडून तिकडे धावत होता. पायलट वर बसला, किल्ली फिरवली, इंजिननं धूर सोडला आणि पोटात घरघरलं. बांधावर टाळ्या पडल्या. कटर खाली आलं, फिरायला लागलं, आणि गव्हाची पहिली रांग सळसळत आत गेली.

बायको ट्रॅक्टरवर त्याच्या बाजूनं निघाली. एरवी ती नळीकडे बघायची. आज तिची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. तो सरळ आहे ना. बोटं हलतायत ना. तिचे स्वतःचे तळवे घामानं स्टिअरिंगवर घसरत होते. पोरं कटरपुढून ससे हुसकायला धावत होती आणि तिला ओरडावंसं वाटत होतं, पण काय म्हणून ओरडणार?

एवढ्यात समोरच्या बांधावर स्कूटर थांबली. डॉक्टरबाई उतरल्या, चपला तिथेच टाकल्या आणि गव्हातून वाट काढत सरळ चालत आल्या. गहू त्यांच्या कमरेपर्यंत होता. मशीनच्या तोंडासमोर येऊन त्या उभ्या राहिल्या.

पायलटनं हॉर्न दिला. त्या हलल्या नाहीत. कटर फिरतच होतं, ओंब्या गिळत पुढे येत होतं. बायकोनं ट्रॅक्टरचा ब्रेक असा दाबला की ती स्टिअरिंगवर आपटली. "थांबवा!" ती किंचाळली. मशीन थांबलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या आणि पात्यांच्या मधे एखादा माणूस आडवा झोपेल एवढीच जागा होती.

चेअरमन धावत आला. "काय चाललंय काय? आभाळ बघितलंत का?"

"हा माझा पेशंट आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यानं आज मशीन चालवायचं नाही."

"का?"

"ते मी सांगणार नाही. ते त्याचं आहे."

"म्हणजे आमचा गहू भिजवायचा आणि कारणसुद्धा विचारायचं नाही?"

गर्दी जवळ आली. कुजबुज सुरू झाली. "रात्री ढोसली असणार." "डोळ्यानं दिसत नसेल." "काहीतरी लागण होणारं असेल, म्हणून सांगत नाहीत." एका बाईनं आपलं पोर मशीनपासून मागे ओढलं.

"लागण होणारं नाही," डॉक्टरबाई पटकन म्हणाल्या.

"मग दारू?"

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोला त्यांची अडचण कळली. एकेक नाकारत गेलं तर शेवटी खरं तेवढंच उरणार. गप्प बसलं तर लोक खऱ्याहून वाईट चिकटवणार. डॉक्टरबाई वर पायलटकडे बघून म्हणाल्या, "चुकलं माझं. अर्धं बोलून तुला जास्त उघडं पाडलं. पण बाजूला मी होणार नाही."

"अरे, ओढा रे यांना कुणीतरी," मागून कुणीतरी ओरडलं. पुढे मात्र कुणी आलं नाही.

पायलट बाकावर बसून सगळं ऐकत होता. त्यानं दारू हा शब्द ऐकला, लागण ऐकली, ते पोर मागे ओढलेलं पाहिलं. बायको त्याच्याकडे बघत होती. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं आणि एकदम इतकी शांतता झाली की गव्हाचं खुळखुळणं ऐकू आलं. तो उभा राहिला.

"फेफरं आहे मला," तो मोठ्यानं म्हणाला. "दारू नाही, काही नाही. काल सकाळी शेडमध्ये पडलो. पँट ओली झाली. पुढचं कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा, बाईंना छळू नका."

मग तो शिडीवरून उतरला. खाली आल्यावर तो बाकीच्यांएवढाच उंच दिसला. गर्दीच्या कडेला त्याची आई तोंडावर हात घेऊन उभी होती.

शेवटी ज्याचं शेत होतं तो म्हातारा खाकरला. "ते सगळं खरं रे पोरा. पण गहू कोण काढणार?"

"मी," पायलटची बायको म्हणाली.

म्हणून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. सगळ्या माना वळल्या.

"तू?" पायलटच्या तोंडून निघालं. "तुझा पाय तरी पुरतो का क्लचला?"

"पुरवते. तुम्ही खालून सांगा."

दीर ट्रॅक्टरवर चढला आणि ती शिडीवर. वरून रान केवढं दिसत होतं! पिवळं, हलतं, थेट डोंगरापर्यंत. "क्लच पूर्ण दाब! आता पहिला गिअर. अगं पहिला! तो मागचा!" मशीन एक पाऊल मागे उडालं आणि बांधावरची माणसं पांगली. मग गुरगुरत पुढे निघालं. तिची पहिली रांग अशी निघाली, की जणू न्हाव्याला ऐन वेळी शिंक आली असावी. मधे गहू तसाच उभा, शेजारी पार मातीपर्यंत भादरलेलं. पोरं हसून लोळली.

"कटर वर! वर घे!" पायलट तिच्याबरोबर पळायला लागला.

डॉक्टरबाईंनी त्याची बाही धरली. "पात्याजवळ तू जायचं नाहीस. बांधावरून काय करायचं ते कर."

तो चिडून बांधावर चढला. तिथून त्याचा आवाज पोचेना. तेव्हा त्यानं गळ्यातला रुमाल सोडला आणि हवेत फिरवायला सुरुवात केली. वर म्हणजे कटर वर, खाली म्हणजे खाली, गोल म्हणजे नळी काढ. तिसऱ्या रांगेला तिची नजर बसली. पाचवीला तिनं वळण घेतलं ते सरळ घेतलं. बांधावरून पायलट ओरडला, "अस्सं!" ते तिला ऐकू आलं नाही, पण दिसलं.

दुपारी जेवायला थांबल्यावर डॉक्टरबाईंनी पायलटला बाजूला घेतलं. "तू पडलास तर काय करायचं, हे या सगळ्यांना सांगू का? तू नको म्हणालास तर नाही सांगणार."

पायलट पाण्याचा तांब्या रिकामा करत म्हणाला, "आता लपवायला राहिलंय काय? सांगा."

तेव्हा डॉक्टरबाईंनी चेअरमनला सगळ्यांदेखत भुश्यावर आडवं पाडलं. "हा पडलाय असं समजा. दाबून धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. धारदार वस्तू लांब करायच्या. डोक्याखाली काहीतरी मऊ, आणि थांबला की असा कुशीवर." त्यांनी चेअरमनला कुशीवर लोटलं. चेअरमनच्या शिट्टीत भुसा गेला. अख्खी पंगत हसली आणि पायलटही हसला. त्याची आई मात्र हसली नाही. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा नीट बघून घेतलं, कुशीवर कसं वळवायचं ते.

दोन दिवस मशीन चाललं. ती उतरायची ती जेवायला आणि डिझेलला. तिच्या पोटऱ्यांना गोळे आले, हाताला फोड आले, डोळे भुश्यानं लाल झाले, आणि तरी रात्री झोपताना तिला वाटायचं की सकाळ लवकर व्हावी. नवरा तिच्या पोटऱ्या चेपत तिच्या चुका मोजायचा. "वळताना दम धर. मशीन म्हैस आहे, घोडी नाही." त्यातून त्याचा राग जात होता का वाढत होता, हे तिला कळत नव्हतं. मधेच तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायचा.

पायलटचं स्वतःचं शेत सगळ्यात शेवटी. मशीनवाल्यानं आपलं आधी काढायचं नाही असं तोच म्हणाला होता. ते निम्मं झालं आणि डोंगर दिसेनासा झाला. वारा सुटला. कापलेल्या गव्हाची रास खळ्यावर होती, लोक ताडपत्र्या घेऊन धावत होते. तिनं बांधाकडे बघितलं. रुमाल हलत नव्हता. पायलट खाली पडला होता आणि त्याच्या टाचा मातीत आपटत होत्या.

तिचा हात गिअरवर गेला. मशीन थांबलं. ती अर्धी उठली. तेवढ्यात तिला दिसलं, चेअरमन धावत तिथे पोचला होता. त्यानं अंगातला सदरा काढून पायलटच्या डोक्याखाली सरकवला. कुणीतरी विळा उचलून लांब फेकला. सासू शेजारी गुडघ्यावर बसली, आणि दाबून न धरता नुसता हात त्याच्या पाठीवर ठेवला. चेअरमननं मान वर केली आणि तिच्याकडे बघून दोन्ही हातांनी जोरात खूण केली, चालव! चालव तू!

ती खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि समोरचा गहू धूसर दिसत होता. उतरून तिकडे धावावं असं सगळं अंग सांगत होतं. तिनं क्लच सोडला. कटर फिरलं. ती त्या रांगेवर रडत रडत गेली आणि एक ओंबी मागे राहू दिली नाही.

शेवटची रांग संपली तेव्हा टपोरे थेंब मशीनच्या पत्र्यावर वाजायला लागले होते. इंजिन बंद करून ती शिडीवरून उडी मारून धावत सुटली. पायलट कुशीवरून उठून बसला होता, डोळे जड, ओठाला रक्त, अंगावर माती. त्यानं तिला ओळखलं.

"सगळ्यांनी बघितलं?" तो जड जिभेनं म्हणाला.

"सगळ्यांनी."

"मग?"

तेवढ्यात खळ्यावरून चेअरमनचा आवाज आला. तो उघड्या अंगानं ताडपत्रीशी झटत होता आणि ताडपत्री त्यालाच उडवत होती. "अरे पायलट! उठवत असेल तर ये इकडे आणि टोकावर बस! वजन कमी पडतंय!"

पायलटनं बायकोचा हात धरला. दोघं राशीपर्यंत झोकांड्या खात गेली. तो एका टोकावर बसला, ती दुसऱ्या, मधे सासू, पलीकडे चेअरमन, आणि मग पाऊस असा कोसळला की कुणाला कुणाचा चेहरा दिसेना. ताडपत्रीखाली गहू कोरडा होता. पायलट मोठ्यानं ओरडत होता, "तिकडची बाजू धरा रे! उठू नका कुणी!"

कुणीही उठलं नाही.